पहिला मेसेज ‘जेवलीस का?’ एवढाच असतो

इंटरनेटवरून मुलांना जाळ्यात ओढणाऱ्याचा पहिला मेसेज बहुधा घाणेरडा नसतो. ‘जेवलीस का?’ एवढाच असतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत शाळाशाळांतून या विषयावर मुलांशी बोलणारे शिक्षक आणि समुपदेशक, सायबर पोलीस ठाण्यात तक्रारी लिहून घेणारे कर्मचारी, यांना कामाने शिकवलेला पहिला धडा हाच. ‘वाईट माणसांपासून सावध राहा’ असे मुलांना सांगून भागत नाही, कारण तो माणूस सुरुवातीला वाईट वागतच नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांतले एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. आई-वडील दिवस उगवायच्या आत शेतात गेलेले. आठवीतली मुलगी शाळेतून येते, झाकून ठेवलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाते, भांडी घासते, धाकट्या भावाची समजूत काढते आणि मग फोन हातात घेते. करोनाच्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाली तेव्हा हप्त्यावर घेतलेला हा फोन. शाळा पुन्हा भरू लागली तरी तो घरात राहिला. त्याचे लॉक तिलाच ठाऊक. इन्स्टाग्रामचे खातेही तिनेच उघडलेले, जन्मसाल मागे नेऊन. दिवसभरात ‘जेवलीस का’ असे तिला कोणी विचारलेले नसते. विचारायला घरात कोणी नसतेच. ते विचारतो एक अनोळखी, आणि रोज त्याच वेळेला विचारतो. आठवड्याभरात ती त्या वेळेची वाट पाहू लागते.

त्याच्या खात्यावर बहुतेक वेळा तिच्याच वयाच्या मुलाचा, कधी मुलीचाही फोटो असतो. तो तिच्या रांगोळीचे, केसांचे, अक्षराचे कौतुक करतो. घरात भांडण झाले की बाजू तिची घेतो. ‘तुझ्या घरच्यांना तू कळतच नाहीस’ हे वाक्य या प्रकरणांच्या चॅटमध्ये इतक्या वेळा सापडते की तपास करणाऱ्यांना त्यावरूनच पुढचे पान ओळखता यावे. मग येते एक छोटेसे गुपित: ‘आपण बोलतो हे कुणाला सांगू नकोस, लोक उगाच चुकीचा अर्थ काढतात.’ खरी कडी इथे घातली जाते. फोटोची मागणी त्यानंतरची. आधी गणवेशातला, मग सणाच्या ड्रेसमधला, मग ‘फक्त माझ्यासाठी’. नकार आला तर दोन दिवस अबोला, मग ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हवा तो फोटो हाती पडला की स्वर एका रात्रीत बदलतो. ‘आणखी पाठव, नाहीतर हा तुझ्या बापाच्या नंबरवर जाईल.’ बापाचा नंबर मुलीनेच कधीतरी सहज सांगितलेला असतो. या सगळ्या क्रमाला जगभरात एकच तांत्रिक नाव आहे, पण वर्गात ते फळ्यावर लिहून काही होत नाही. ‘गोडीगुलाबीने फसवणे’ म्हटले की सहावीच्या मुलांच्याही माना हलतात.

पालकांची काळजी मुलींपाशी थांबते, ही मोठी चूक आहे. मुलांकडे जाणारी वाट खेळातून जाते. फ्री फायरसारख्या खेळात ‘डायमंड’ विकत घ्यावे लागतात आणि सातवीतल्या मुलाकडे पैसे नसतात. खेळातला एखादा मोठा ‘भाऊ’ ते फुकट देतो, टीममध्ये घेतो, रात्री हेडफोनवर तासन्‌तास बोलतो. उपकाराचे ओझे तयार झाले की मागणी सुरू होते. कॉलेजच्या वयात रूप बदलते. अनोळखी मुलीची रिक्वेस्ट येते, अर्ध्या तासात व्हिडिओ कॉल येतो. पलीकडे दिसते ती आधीच रेकॉर्ड केलेली चित्रफीत, आणि इकडे या मुलाच्या स्क्रीनचे रेकॉर्डिंग चालू असते. कॉल संपल्यावर काही मिनिटांत त्याच्या मित्रांची, मामांची, सरांची यादी त्याच्यापुढे टाकली जाते आणि पैसे मागितले जातात. पैसे गेले की दुसऱ्या दिवशी एखादा ‘सीबीआय अधिकारी’ फोन करतो, त्याचीही वेगळी रक्कम असते. राजस्थान-हरियाणाच्या सीमेवरील मेवात, भरतपूर, अलवर या पट्ट्यातून अशा टोळ्या पोलिसांनी वारंवार पकडल्या आहेत. मुले याबद्दल मुलींपेक्षाही कमी बोलतात. ‘तू मुलगा असून असा कसा फसलास?’ हा प्रश्न त्यांना धमकीइतकाच नको असतो.

फसवणारा दूरच्या राज्यातलाच असतो असे मात्र मुळीच नाही. रिचार्जच्या दुकानात वहीत लिहून दिलेला नंबर, दुरुस्तीला दिलेल्या मोबाइलमधले फोटो, लग्नाच्या हळदीतला स्टेटसवर टाकलेला चेहरा, यांतलेही काही पुरते. आता तर चेहरा एकाचा आणि शरीर दुसऱ्याचे असे खोटे नग्न चित्र काही सेकंदांत तयार होते. म्हणजे ज्या मुलीने कधी कोणाला काहीच पाठवले नाही, तिलाही धमकी येऊ शकते. नात्यातला, गल्लीतला, क्लासमधला ओळखीचा माणूसच खोट्या नावाच्या खात्यामागे निघतो तेव्हा घरच्यांचा धक्का दुहेरी असतो. एक झालेल्या गुन्ह्याचा आणि दुसरा त्याला घरात बसवून चहा दिल्याचा.

या गुन्ह्याचे मूळ हत्यार फोटो नाही, अब्रूची भीती आहे. हे समजण्यासाठी जळगावला इंटरनेटची वाट पाहावी लागली नव्हती. 1994 साली उघडकीला आलेल्या जळगाव वासनाकांडात शाळा-कॉलेजातल्या मुलींना आणि नोकरदार स्त्रियांना फसवून, धमकावून त्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती काढल्या गेल्या, आणि त्याच चित्रांच्या जोरावर त्यांना पुन्हा पुन्हा बोलावले गेले. तेव्हा कॅमेऱ्यात रोल भरावा लागत होता, तो धुवावा लागत होता, कॅसेट हातोहात फिरत होती. यंत्र संथ होते, तरी हा प्रकार कित्येक वर्षे चालू राहिला, कारण कोणी बोलले नाही. अरविंद इनामदार, मीरां बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी तपासात उतरले, विशेष न्यायालय नेमले गेले, विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत गदारोळ झाला. तरीही पीडितांची म्हणून जी संख्या बोलली जात होती तिच्या मानाने पुढे येऊन तक्रार देणाऱ्या फार थोड्या निघाल्या. मोजक्या प्रकरणांनी न्यायालय गाठले आणि त्यांतलीही काही वरच्या न्यायालयात टिकली नाहीत. गावाने चर्चा मुलींची केली. ‘जळगावची मुलगी’ एवढ्यावरून त्या काळात स्थळे बिचकली. ज्या मुली तेव्हा गप्प राहिल्या त्यांना दोष देणे अन्यायाचे आहे. त्यांनी आजूबाजूला पाहून हिशेब केला होता आणि तो बरोबरच होता. बोलण्याची किंमत गप्प राहण्यापेक्षा जास्त ठेवली होती ती गावाने. आज त्या मुली आया आणि काही आज्या आहेत. त्यांच्या नाती त्याच शहरात हातात कॅमेरा घेऊन फिरतात.

दुसरा धडा धुळे जिल्ह्यातला आहे, आणि तो उलट्या बाजूचा आहे. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले आणि त्याचेही व्हिडिओ काढले गेले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली जाहिरात होती. तिचा शेवटचा, मूल परत आणून देण्याचा भाग कापून टाकलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

मुलांविषयीची काळजी त्या जमावातल्या प्रत्येकाची खरी असेल. पण ती काळजी झोळीवाल्या परक्या माणसाकडे पाहत राहिली आणि हातातल्या फोनकडे तिने पाहिलेच नाही. ज्या फोनने खोटा राक्षस दाखवला त्याच फोनमधून खरा आत येतो, तो कोणाच्या दाराशी उभा राहत नाही. ‘सावधान, सर्व ग्रुपवर पाठवा’ असे मेसेज मुलांना सुरक्षित ठेवत नाहीत. अशा मेसेजात एखाद्या खऱ्या पीडित मुलाचा फोटो किंवा नाव असेल तर तो पुढे ढकलणारा स्वतःच कायदा मोडतो. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे कलम 23 बालकाची ओळख उघड करू देत नाही.

घरात प्रकार कळतो तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत काय होते यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते. बाप फोन भिंतीवर आपटतो. भाऊ सिम मोडतो. आई सगळे डिलीट करते आणि देवापुढे शपथ घ्यायला लावते. मुलीची शाळा बंद होते, कुठे कुठे घाईने स्थळ पाहिले जाते. हे सगळे मायेपोटीच होते आणि यातली प्रत्येक गोष्ट गुन्हेगाराच्या उपयोगी पडते. पुरावा नाहीसा होतो आणि त्याने महिनाभर आधी सांगून ठेवलेले खरे ठरते, ‘घरी सांगितलेस तर तुलाच मारतील.’ सायबर पोलीस ठाण्यात तक्रारदाराला सुरुवातीलाच विचारावे लागते की मोबाइल फॉरमॅट केला का, चॅट उडवले का. उत्तर ‘हो’ असे येते तेव्हा लिहून घेणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो.

त्याऐवजी करायचे ते अगदी थोडे आहे. मुलाला जवळ बसवायचे. खान्देशात ‘काय व्हयनं, बेटा?’ एवढे दोनदा हळू आवाजात विचारले तरी पुष्कळ होते. ‘तुझी चूक नाही’ हे वाक्य मोठ्याने, शब्दांत म्हणायचे. मनात असून चालत नाही. मग समोरच्या खात्याचे नाव, त्याची लिंक, फोन नंबर, यूपीआय आयडी, धमक्यांचे मेसेज तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, आणि नंतरच ब्लॉक करायचे. पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की त्याच्या यादीत आपले नाव ‘देणारा’ म्हणून चढते.

एका गोष्टीत मात्र शिकलेली माणसेही चुकतात. अठरा वर्षांखालच्या मुलाचा नग्न किंवा लैंगिक फोटो ‘पुरावा म्हणून’ मुख्याध्यापकांना, काकांना, ओळखीच्या पोलीसदादांना व्हॉट्सॲपवर पाठवायचा नसतो. हेतू कितीही चांगला असला तरी त्याने आणखी एक प्रत जन्माला येते. फोन आहे तसा उचलून ठाण्यात न्यायचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब नुसार असे साहित्य बनवणे, पसरवणे, पाहणे, इतकेच नव्हे तर मुलांना तशा ऑनलाइन संबंधासाठी फूस लावणे हाही गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य साठवणाऱ्यांनाही पळवाट ठेवली नाही, आणि त्याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हणणेही बंद करावे असे सांगितले, कारण त्या शब्दाने ते मनोरंजन वाटते, प्रत्यक्षात ते एका मुलावर झालेल्या अत्याचाराचे चित्र असते. कॉलेजच्या ग्रुपवर ‘अमक्या गावची क्लिप’ मागणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

पोलिसांत जायला लोक कचरतात त्याचे कारण ठाण्याची भीती. कायद्याने ती ओळखली आहे. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. अधिकारी गणवेशात नसावा, मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली कोणीही व्यक्ती जवळ बसू शकते. आणि मूल जसे बोलते तसेच लिहून घ्यायचे असते. अहिराणी बोलणाऱ्या मुलीचा जबाब अहिराणीतून, सातपुड्यातल्या पावरा मुलाचा पावरीतून, लागेल तिथे दुभाषा बोलावून. ही तरतूद फार थोड्या पालकांना ठाऊक असते आणि ती मागून घ्यावी लागते. प्रमाण मराठीत ‘व्यवस्थित’ लिहिलेल्या जबाबातून मुलाचा नेमका शब्द निसटतो आणि पुढे कोर्टात तोच शब्द हवा असतो.

पसरलेल्या फोटोचे काय, हा प्रश्न सर्वांत रडकुंडीला आणणारा. ‘आता तो कायमचा तिथे राहणार’ असे मुलीला सांगणारी माणसे तिचे नुकसान करतात आणि ते पूर्ण खरेही नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर बंधन घातले की नग्न किंवा खोटा जोडलेला फोटो असल्याची तक्रार त्या व्यक्तीने केली तर ठरावीक तासांच्या आत तो उतरवण्याची कारवाई व्हावी. शिवाय ‘टेक इट डाउन’ ही सेवा अठरा वर्षांखालच्यांसाठी आणि ‘स्टॉपएनसीआयआय’ ही प्रौढांसाठी, दोन्ही विनामूल्य आहेत. त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्या फोटोवरून आकड्या-अक्षरांचा एक ठसा तयार होतो, अंगठ्याच्या ठशासारखा, आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. त्या ठशाशी जुळणारे चित्र त्यांच्या माध्यमावर आले की अडवता येते. खासगी चॅटमध्ये हातोहात फिरणाऱ्या प्रतीला मात्र हा उपाय पोहोचत नाही. तिथे पोलीसच लागतात.

दोन्ही जिल्ह्यांत आता सायबर पोलीस ठाणी आहेत. अमेरिकी कंपन्यांना त्यांच्या माध्यमावर सापडलेल्या अशा साहित्याची माहिती अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय केंद्राला द्यावी लागते. 2019 पासून ती माहिती दिल्लीतल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागामार्फत राज्यांकडे आणि तिथून जिल्ह्यांकडे येते. जळगावच्या एखाद्या खोलीत बसून काही पाठवणाऱ्याला वाटते आपल्याला कोण पाहते. त्याचा माग अटलांटिकपलीकडून फिरून त्याच्याच तालुक्याच्या ठाण्यात येऊन पडतो.

शाळेच्या कामात सर्वांत जास्त शिकायला मिळते ते सत्र संपल्यावर. दीडशे मुले सभागृहात बसलेली असतात, ‘काही प्रश्न?’ म्हटले की शांतता. घंटा होते, मुले पांगतात, आणि पाण्याच्या टाकीपाशी एक मुलगी ओढणीचे टोक पिळत उभी राहते. ‘मॅडम, माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचं होतं.’ अनुभवी बाई कधीच विचारत नाही की कोणती मैत्रीण. ती ‘मैत्रिणी’साठी सगळे सांगते, शांतपणे, शेवटपर्यंत. तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्यांचेही तसेच. अक्षर मुद्दाम वाकडे काढलेले, कागद इतका लहान घडी केलेला की उलगडताना फाटावा. महाराष्ट्रातल्या शाळांत तक्रारपेटी असावी, 2022 च्या शासन निर्णयानुसार सखी सावित्री समिती असावी, हे नियम चांगले आहेत. पण कार्यालयाच्या दाराशी, शिपायाच्या नजरेसमोर लावलेल्या पेटीत कोणी चिठ्ठी टाकत नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर हलवली की तीच पेटी बोलू लागते.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. त्यांची आठवण इथे निघते ती भावनेपोटी नाही. रात्री आजारी मुलाच्या उशाशी बसणारा मोठा माणूस ज्या वसतिगृहात असतो, तिथल्या मुलाला ‘जेवलास का?’ हे अनोळखी माणसाकडून ऐकण्याची गरज उरत नाही. आश्रमशाळा आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांची वसतिगृहे यांत आज नेमकी त्या माणसाची जागा रिकामी असते, अधीक्षकाची भरलेली असली तरी.

शिक्षकांना आणखी एक गोष्ट स्वच्छ माहीत असली पाहिजे. मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे कळले किंवा तशी शक्यता दिसली तर पोलिसांना कळवणे ही पॉक्सोच्या कलम 19 नुसार प्रत्येकाची सक्तीची जबाबदारी आहे. ‘शाळेचे नाव जाईल’ म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. माफीनामा लिहून घेऊन सोडून दिलेला माणूस दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने नवे खाते उघडतो.

मुलांना फोन द्यायचाच नाही, हा उपाय गावोगाव सुचवला जातो. तो टिकत नाही. अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज, प्रवेशाचे वेळापत्रक सगळे फोनवर येते, आणि घरचा काढून घेतला तर मुलगी मैत्रिणीच्या फोनवरून, कोणाच्याच नजरेत न येता तेच करते. त्यापेक्षा खाते खासगी ठेवणे, अनोळखी मेसेज बंद करणे, रात्री फोन घरातल्या सर्वांचाच, बापाचासुद्धा, ओट्यावर चार्जिंगला लावणे हे जमण्याजोगे आहे. आणि एक वचन आधीच द्यावे लागते, काही घडण्याच्या आधी: ‘काहीही झाले आणि तू येऊन सांगितलेस, तर फोन काढून घेणार नाही आणि हात उगारणार नाही.’ दिले तर ते पाळावे लागते. मूल पहिल्यांदा लहानशी गोष्ट सांगून पाहते, एखादा वात्रट मेसेज, एखादी विचित्र रिक्वेस्ट. त्या दिवशी आई-वडिलांची परीक्षा असते.

मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, चोवीस तास आणि विनामूल्य. पैसे गेले असतील तर 1930, तेही शक्य तितक्या लवकर. तातडीला 112. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. हे आकडे फोनमध्ये सेव्ह करून ठेवू नयेत, कारण संकटाच्या वेळी तोच फोन दुसऱ्याच्या ताब्यात असतो. दप्तरातल्या वहीच्या शेवटच्या पानावर मुलाच्या हाताने लिहून घ्यावेत.